चिकणमातीच्या पापुद्र्यांवरचे पाणी : प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर, ऐरोलीपासून उलव्यापर्यंत, पायासाठी खड्डा घेतला की अनेक ठिकाणी काळसर करडा, बोटाला लोण्यासारखा लागणारा गाळ निघतो. कोरड्या मातीच्या वजनाच्या ८० टक्के किंवा त्याहूनही अधिक पाणी या गाळात असू शकते, आणि तरीही तो मुठीतून निथळत नाही. माती परीक्षणाच्या कामाला नव्याने लागलेल्या प्रत्येकाला हे पाणी नेमके कोणी धरून ठेवले आहे हा प्रश्न पडायला हवा. बहुतेकांना तो पडत नाही, कारण नमुना आला की ओव्हनमध्ये ठेवायचा, वजन करायचे आणि आकडा तक्त्यात भरायचा, एवढेच त्यांना शिकवलेले असते. मी तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील एका प्रयोगशाळेत अनेक वर्षे हे काम करतो आहे. दर पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या पदविकेच्या विद्यार्थ्यांकडून मी जे प्रयोग करून घेतो, तेच येथे क्रमाने मांडले आहेत.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. पाणी धरून ठेवण्याचे काम मातीचा पृष्ठभाग स्वतः जितके करतो, त्याहून बरेच अधिक काम त्या पृष्ठभागालगत असलेले धन आयन करतात. म्हणून कोणतीही चिकणमाती समोर आली की तिच्या पापुद्र्यांमध्ये कोणता आयन आहे आणि तिच्या भोवतालच्या पाण्यात मीठ किती आहे, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

साहित्य जमवताना

चार कोरड्या भुकट्या आणि एक ओला नमुना लागेल. पहिली भुकटी बेंटोनाईटची, म्हणजे मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या चिकणमातीची. पायलिंगच्या, म्हणजे पायाचे खोल खांब जमिनीत घालण्याच्या कामात बोअरची भिंत ढासळू नये म्हणून बेंटोनाईटचे पातळ मिश्रण वापरतात, त्यामुळे ठाणे आणि नवी मुंबईतील पुलांच्या किंवा उंच इमारतींच्या कामावर त्याची पोती असतात आणि विचारले तर मूठभर सहज मिळते. मात्र ते सोडियमयुक्त आहे याची खात्री करून घ्यावी. दुसरी भुकटी किराणा दुकानातील मुलतानी मातीची, तिसरी कुंभारकामाचे साहित्य विकणाऱ्यांकडे मिळणाऱ्या चिनी मातीची, म्हणजे केओलिनची, आणि चौथी शंखजिऱ्याची, म्हणजे सुवास न घातलेल्या टाल्क पावडरीची. हल्ली काही पावडरींमध्ये टाल्कऐवजी मक्याचे पीठ असते, तेव्हा डब्यावरचे घटक वाचून घ्यावेत.

ओला नमुना खाडीच्या गाळाचा असावा, पण तो खारफुटीतून किंवा चिखलाच्या पट्ट्यातून उचलून आणू नये. खाडीचा मोठा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला असून २०२२ पासून त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा आहे, आणि खारफुटीलाही कायद्याचे संरक्षण आहे. पायाच्या खोदकामातून निघालेला गाळ परवानगीने घेतला तर आपला हेतू पूर्ण साधतो. तो निघाल्याबरोबर दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घट्ट बांधावा. उन्हात उघडा राहिलेला गाळ आपल्या कामाचा राहत नाही, आणि त्याचे कारण पुढे येईल.

याखेरीज १०० मिलिलिटरच्या सहा मोजनळ्या, एक मिलिग्रॅमपर्यंत वाचता येणारा वजनकाटा, १०५ ते ११० अंश सेल्सिअसला स्थिर राहणारा ओव्हन, सिलिका जेल घातलेला डेसिकेटर (आतली हवा कोरडी ठेवणारे झाकणबंद भांडे), ४२५ मायक्रॉनची चाळणी, बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी, साधे मीठ, धुण्याचा सोडा, खतांच्या दुकानातील म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) आणि थोडे रॉकेल लागेल. रॉकेलचे काम ओव्हनपासून आणि ज्योतीपासून दूर, खिडकी उघडी ठेवून करावे.

आधी डोळ्यांसमोर चित्र आणा

चिकणमातीतील खनिजांचे स्फटिक पापुद्र्यांचे बनलेले असतात. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या चौफलकांची एक जाळी, आणि ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियमभोवती ऑक्सिजन व हायड्रॉक्सिल बसलेल्या अष्टफलकांची दुसरी जाळी, या दोनच विटांनी सगळी इमारत उभी राहते. केओलिनाइटमध्ये प्रत्येकी एक जाळी जोडून सुमारे ०.७२ नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा होतो. मॉन्टमोरिलोनाइटमध्ये अष्टफलकांची जाळी मध्ये आणि चौफलकांच्या दोन जाळ्या तिच्या दोन्ही अंगांना असतात, आणि पूर्ण कोरड्या अवस्थेत त्याच्या एका पापुद्र्याची जाडी सुमारे ०.९६ नॅनोमीटर भरते. असे साधारण १० लाख पापुद्रे एकावर एक रचले तर चळत जेमतेम एक मिलिमीटर उंचीची होईल. पाण्याचा एक रेणू सुमारे ०.२८ नॅनोमीटरचा असतो, तेव्हा पापुद्र्याची जाडी साडेतीन रेणूंएवढीच आहे, हे प्रमाण मनात पक्के असू द्यावे.

मॉन्टमोरिलोनाइटचे वेगळेपण त्याच्या प्रभारात आहे. स्फटिक घडताना काही जागी ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम, तर क्वचित सिलिकॉनऐवजी ॲल्युमिनियम बसलेले असते. आकार जुळतो, पण धन प्रभार एकाने कमी पडतो, आणि पापुद्र्यावर कायमचा ऋण प्रभार राहतो. तो फेडण्यासाठी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा पोटॅशियमचे आयन दोन पापुद्र्यांच्या फटीत येऊन बसतात. हे आयन पापुद्र्याचा भाग नसतात, दुसरे आयन आले तर ते जागा सोडतात.

आता पृष्ठभागाचा हिशेब. मॉन्टमोरिलोनाइटचे सगळे पापुद्रे सुटे केले तर एका ग्रॅममध्ये सुमारे ८०० चौरस मीटर पृष्ठभाग निघतो. म्हणजे चमचाभराहून कमी भुकटीत ४३० चौरस फुटांच्या वीस घरांची जमीन मावते. केओलिनाइटमध्ये हाच आकडा १० ते २० चौरस मीटर असतो. त्याच्या पापुद्र्याच्या एका अंगावर हायड्रॉक्सिल असतात आणि ते शेजारच्या पापुद्र्याच्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंधांनी जखडलेले राहतात. फट उघडत नाही, म्हणून पाण्याला बाहेरचीच बाजू मिळते.

पहिला प्रयोग : शंखजिरे पाण्यावर

दोन वाट्यांत डिस्टिल्ड पाणी घ्यावे. एकीत शंखजिऱ्याची आणि दुसरीत बेंटोनाईटची चिमूट वरून हलकेच भुरभुरावी, आणि दहा मिनिटे काहीही न ढवळता पाहत राहावे. शंखजिरे पाण्यावर कोरडेच तरंगते. वाटी हळूच तिरकी केली तर त्याचा थर पाण्यावरून सरकताना दिसतो, आणि बोटाने दाबून वर काढले तर बोटाला कोरडी पूड लागते. बेंटोनाईटचे कण मात्र काठाकडून काळपट होत जातात, फुगतात आणि ढगासारखे खाली उतरतात.

या साध्या प्रयोगाला मी फार महत्त्व देतो, कारण टाल्कच्या पापुद्र्याचा बाहेरचा चेहरा आणि मॉन्टमोरिलोनाइटचा बाहेरचा चेहरा जवळजवळ एकच आहे. दोन्हीकडे सिलिकॉन-ऑक्सिजनची तीच षट्कोनी जाळी आहे, पण टाल्कमध्ये प्रभाराची तूट नसल्याने फटीत आयन नाहीत. नुसत्या जाळीतल्या ऑक्सिजनशी पाण्याचा रेणू जो हायड्रोजन बंध करतो तो दुबळा असतो, आणि रेणूंना त्यापेक्षा एकमेकांचा सहवास अधिक लाभाचा ठरतो. म्हणून पृष्ठभाग ओला होत नाही. चिकणमातीला मुळातच पाण्याची ओढ असते हे आपण सरसकट बोलतो, ते वाक्य या वाटीपुढे टिकत नाही. टाल्कच्या पापुद्र्यांच्या तुटक्या कडांवर हायड्रॉक्सिल असतात आणि तेथे पाणी चिकटते, म्हणून जोराने ढवळले तर थोडी पूड मिसळेल. त्यामुळेच हा प्रयोग न ढवळता करायचा आहे.

दुसरा प्रयोग : हवेतले पाणी वजनकाट्यावर

हा प्रयोग ठाण्यात करायचा तर जुलै-ऑगस्टमध्ये करावा, कारण त्या दिवसांत हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज असते. बेंटोनाईट आणि चिनी माती पसरट बशांत घालून दोन दिवस खोलीच्या हवेत उघड्या ठेवाव्यात. मग प्रत्येकी सुमारे १० ग्रॅम झाकणाच्या डब्यांत घेऊन नेमके वजन नोंदवावे, झाकण काढून १०५ ते ११० अंशांना २४ तास ओव्हनमध्ये ठेवावे, बाहेर काढताच झाकण लावून डेसिकेटरमध्ये थंड करावे आणि पुन्हा वजन करावे. घटलेले वजन भागिले कोरडे वजन, गुणिले १००, हे ओलाव्याचे प्रमाण झाले. चिनी मातीत ते एक-दोन टक्क्यांच्या आसपास येते. बेंटोनाईटमध्ये १० टक्क्यांच्या बरेच पुढे जाते, आणि हाताला मात्र दोन्ही भुकट्या सारख्याच कोरड्या लागलेल्या असतात.

आता कोरड्या बेंटोनाईटच्या डब्याचे झाकण वजनकाट्यावरच उघडून ठेवा आणि आकड्यांकडे पाहा. शेवटचा अंक थांबतच नाही. तो एकेक करून वर चढत राहतो आणि काटा स्थिर झाल्याची खूण दाखवत नाही. नवा मुलगा हमखास म्हणतो, ‘सर, काटा बिघडलाय.’ काटा ठीक असतो. हवेतले पाणी रेणूरेणूने फटीत शिरते आहे आणि आपण ते मोजतो आहोत. डब्याला झाकण का लावायचे आणि डेसिकेटर का वापरायचा, हे त्या दिवसानंतर पुन्हा सांगावे लागत नाही.

मिळालेला आकडा पडताळून पाहता येतो. पृष्ठभागावर पाण्याचा एक रेणू साधारण ०.१ चौरस नॅनोमीटर जागा व्यापतो. ८०० चौरस मीटरवर एकपदरी थर पसरायचा तर सुमारे ०.२४ ग्रॅम पाणी लागेल. पण फटीतील एक थर वरच्या आणि खालच्या अशा दोन पापुद्र्यांमध्ये वाटलेला असतो, म्हणून फटीत एक थर भरायला ग्रॅममागे ०.१२ ग्रॅम, म्हणजे १२ टक्के, आणि दोन थर भरायला २४ टक्के पाणी पुरते. बाजारातील बेंटोनाईटमध्ये वाळू व इतर खनिजेही असतात आणि सगळ्या फटी एकसारख्या भरत नाहीत, त्यामुळे आपला आकडा या दोहोंच्या अधेमधे पडला तर तो योग्य आहे असे समजावे. क्ष-किरण विवर्तनानेही हेच दिसते. सोडियम मॉन्टमोरिलोनाइटमध्ये पापुद्र्यापासून पापुद्र्यापर्यंतचे अंतर हवा दमट होत जाते तसे सलग वाढत नाही. ते ०.९६ वरून सुमारे १.२५ आणि तेथून सुमारे १.५५ नॅनोमीटर असे पायऱ्या चढल्यासारखे वाढते, आणि प्रत्येक पायरी म्हणजे पाण्याचा एक थर.

हे रेणू फटीत आयनांभोवती बसतात. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन प्रभार असतो. त्यामुळे सोडियमकडे ऑक्सिजन वळतो, आणि हायड्रोजन पापुद्र्याच्या किंवा शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे राहतात. १०० ग्रॅम मॉन्टमोरिलोनाइटची धन आयन विनिमय क्षमता, म्हणजे त्यातल्या बदलता येणाऱ्या आयनांचा एकूण प्रभार, ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट असते (सोडियमच्या बाबतीत एक मिलिइक्विव्हॅलंट म्हणजे एक मिलिमोल). ती १०० धरून भाग दिला तर एका थराच्या पाण्यात प्रत्येक सोडियमच्या वाट्याला सहा-सात रेणू येतात. सोडियम आयन साध्या पाण्यातही स्वतःभोवती साधारण पाच-सहा रेणू बाळगतो. म्हणजे पहिल्या थरातले पाणी जवळजवळ सगळे आयनांच्या दिमतीला असते.

जुन्या पुस्तकांत हे पाणी बर्फासारखे गोठलेले असते असे सुचवलेले आढळते आणि अनेक शिक्षक अजून तसेच सांगतात. ते मान्य करू नये. न्यूट्रॉन प्रकीर्णनाच्या मोजमापांत फटीतील पाण्याचे रेणू मोकळ्या पाण्याच्या तुलनेत काही पटींनी सावकाश सरकताना दिसतात, पण सरकतात. आयनाभोवतीचे रेणूही सतत बदलत असतात. पृष्ठभागापासून दोन-तीन रेणूंच्या अंतरापलीकडे तर पाण्याची रचना साध्या पाण्यासारखीच होते. मग गाळात एवढे पाणी कसे मावते, हे तिसऱ्या प्रयोगात कळते.

तिसरा प्रयोग : सहा मोजनळ्या

पहिल्या नळीत डिस्टिल्ड पाणी, दुसरीत १०० मिलिलिटरला ३.५ ग्रॅम मीठ घातलेले पाणी, तिसरीत १०० मिलिलिटरला ४.५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश घातलेले पाणी आणि चौथीत रॉकेल भरावे. मीठ आणि पोटॅश यांची वजने वेगळी असली तरी आयनांची संख्या साधारण सारखी, लिटरला ०.६ मोल, राहते, आणि समुद्राचा खारेपणाही याच्या जवळपास असतो. पोटॅश तांबडे मिळाले तर द्रावण गाळून घ्यावे. या चारही नळ्यांत प्रत्येकी २ ग्रॅम वाळवलेले बेंटोनाईट ०.१ ग्रॅमच्या चिमटीने सोडायचे, आणि एक चिमूट पूर्ण बुडून तळाशी गेल्यावर, साधारण दहा मिनिटांनी, पुढची सोडायची. एकदम ओतले तर बाहेरून जेलीचे कवच धरते, आतली भुकटी कोरडी राहते आणि सगळा प्रयोग वाया जातो. याला तीन-साडेतीन तास लागतात. पाचव्या आणि सहाव्या नळीत डिस्टिल्ड पाणी घेऊन तशाच रीतीने मुलतानी माती सोडावी, पण सहाव्या नळीच्या पाण्यात तिच्या वजनाच्या तीन-चार टक्के, म्हणजे ०.०७ ग्रॅमच्या आसपास, धुण्याचा सोडा आधी विरघळवून घ्यावा. नळ्यांची तोंडे झाकून २४ तासांनी साक्याचे आकारमान वाचावे.

चांगल्या सोडियम बेंटोनाईटचा साका डिस्टिल्ड पाण्यात २४ मिलिलिटर किंवा अधिक होतो. मिठाच्या पाण्यात तो निम्म्याहून बराच खाली राहतो, पोटॅशच्या पाण्यात बहुधा आणखी थोडा खाली, आणि रॉकेलमध्ये भुकटी तळाशी जवळजवळ कोरडी असल्यासारखी पडून राहते. रॉकेलच्या रेणूंना पाण्यासारखी धन-ऋण टोके नसतात, म्हणून ते आयनांभोवती कवच करू शकत नाहीत आणि फट उघडतच नाही.

डिस्टिल्ड पाण्यात फुगणे दोन टप्प्यांत होते. पहिला टप्पा दुसऱ्या प्रयोगात पाहिला तो, आयन आपल्याभोवती पाणी गोळा करतात आणि फट दोन-तीन थरांनी उघडते. दुसऱ्या टप्प्यात सोडियम आयन पापुद्र्यापासून थोडे सुटून पाण्यात पसरतात. ऋण पापुद्रा त्यांना ओढून धरतो आणि उष्णतेची हालचाल त्यांना दूर नेते, या ताणाताणीत पापुद्र्यालगत आयनांचा एक दाट ढग तयार होतो आणि तो बाहेरच्या बाजूला विरळ होत जातो. लुई जॉर्ज गुई यांनी १९१० मध्ये आणि डेव्हिड चॅपमन यांनी १९१३ मध्ये या ढगाचे गणित मांडले. दोन पापुद्र्यांमधल्या पाण्यात आयन अधिक आणि बाहेर कमी असल्यामुळे बाहेरचे पाणी आत येते आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर ढकलले जातात.

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की काही वेळात भांड्यात पाणी सुटते, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. बाहेरचा खारेपणा वाढला की पाणी फोडीतून बाहेर येते. दुसऱ्या नळीत हेच घडते. बाहेरच मीठ भरपूर असल्याने पाण्याला फटीत शिरण्याचे कारण उरत नाही. ढगाची जाडी आकड्यांत सांगायची तर लिटरला ०.००१ मोल मीठ असलेल्या पाण्यात ती सुमारे १० नॅनोमीटर असते, म्हणजे पाण्याच्या पस्तीसेक रेणूंएवढी. ०.६ मोल असलेल्या पाण्यात ती ०.४ नॅनोमीटरवर, म्हणजे दीड रेणूवर येते. पापुद्रा तोच, आयन तोच, फक्त भोवतालचे पाणी बदलले आणि पंचवीसपट फरक पडला.

पोटॅशियमचे प्रकरण वेगळे आहे. पाण्याचे कवच जमवताना त्याला सोडियमपेक्षा कमी ऊर्जा मिळते, मोलमागे सुमारे ४०० ऐवजी ३२० किलोज्यूल. शिवाय त्याचा आकार सिलिकॉन-ऑक्सिजन जाळीच्या षट्कोनी खळग्यात जवळजवळ बरोबर बसतो. त्यामुळे पाणी सोडून पापुद्र्याला चिकटणे त्याला सोपे जाते आणि दोन्ही बाजूंचे पापुद्रे त्याच्यावर मिटतात. इलाइट या खनिजात असेच पोटॅशियम जखडलेले असल्यामुळे ते फुगत नाही. तेलविहिरी खोदणारे फुगणारा शेल, म्हणजे चिकणमातीचा थरथरांचा खडक, आवरण्यासाठी पोटॅशियम क्लोराइड वापरतात, त्यामागेही हेच कारण आहे.

पाचवी आणि सहावी नळी शेजारी ठेवून पाहा. मुलतानी मातीचे घटक पाकिटागणिक बदलतात, पण तिच्यात कॅल्शियमयुक्त मॉन्टमोरिलोनाइट बऱ्यापैकी असेल तर सोडा घातलेल्या नळीतला साका ठळकपणे मोठा दिसतो. सोड्यातले कार्बोनेट कॅल्शियमला चुनखडीच्या रूपाने बाहेर काढते आणि त्याची जागा सोडियम घेतो. येथे विद्यार्थी एक चांगला प्रश्न विचारतात. कॅल्शियम तर सोडियमपेक्षा कितीतरी जोराने पाणी धरतो, मोलमागे सुमारे १,५८० किलोज्यूल, मग कॅल्शियमची माती कमी का फुगते? कॅल्शियमवर दुहेरी प्रभार असल्याने तेवढ्याच ऋण प्रभारासाठी निम्मे आयन पुरतात, म्हणून आतल्या आणि बाहेरच्या पाण्यातला फरक कमी पडतो. शिवाय दुहेरी प्रभाराचे हे आयन दोन्ही बाजूंच्या पापुद्र्यांना एकाच वेळी धरून ठेवतात. त्यामुळे कॅल्शियम मॉन्टमोरिलोनाइट तीन थरांपर्यंत, सुमारे १.९ नॅनोमीटरच्या अंतरापर्यंत फुगते आणि तेथेच थांबते, तर सोडियमचे पापुद्रे गोड्या पाण्यात पार सुटे होऊ शकतात. पाणी घट्ट धरणे आणि पुष्कळ पाणी धरणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

प्रमाणित चाचणी आणि उणे आकडा

हे समजले की आयएस २७२० या माती परीक्षणाच्या भारतीय मानकाच्या भाग ४० मधील मुक्त फुगवण निर्देशांकाची चाचणी पाठ करावी लागत नाही. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली १० ग्रॅम वाळलेली माती एका मोजनळीत डिस्टिल्ड पाण्यात आणि तितकीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये घालायची, अडकलेली हवा हलके ढवळून काढायची आणि किमान २४ तासांनी दोन्ही आकारमाने वाचायची. पाण्यातल्या आकारमानातून रॉकेलमधले वजा करून रॉकेलच्या आकारमानाने भागायचे आणि १०० ने गुणायचे. ५० च्या खाली फुगवण कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि त्यापुढे अतिशय जास्त मानतात. बेंटोनाईटसारखी माती असेल तर १० ऐवजी ५ ग्रॅम किंवा २५० मिलिलिटरची नळी घ्यावी.

चिनी माती घेऊन ही चाचणी केली की बहुधा उणे उत्तर येते, आणि नवे लोक ते गुपचूप खोडून शून्य लिहितात. तसे करू नये. केओलिनाइटचे कण रॉकेलमध्ये कडा-पृष्ठ असे एकमेकांना चिकटून पोकळ गठ्ठे करतात आणि त्यांचा साका पाण्यातल्यापेक्षा मोठा होतो, म्हणून वजाबाकी उणे येते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ए. श्रीधरन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मुद्दा लावून धरला आणि पाण्यातले आकारमान भागिले रॉकेलमधले आकारमान, असे साधे गुणोत्तर सुचवले. हे गुणोत्तर एकापेक्षा कमी आले तर मातीत केओलिनाइटचा वरचष्मा असण्याचा संभव असतो. म्हणजे ज्या आकड्याला आपण चूक समजत होतो, तोच खनिजाची ओळख सांगत होता.

आता खाडीचा गाळ

दख्खनच्या बेसॉल्टची झीज कमी पावसाच्या घाटमाथ्यापलीकडे प्रामुख्याने स्मेक्टाइट गटातील, म्हणजे मॉन्टमोरिलोनाइटच्या कुळातील खनिजे देते. रेगूरला, म्हणजे काळ्या मातीला, उन्हाळ्यात भेगा पडतात त्या यामुळेच. कोकणच्या मुसळधार पावसात क्षार वाहून जातात आणि झीज केओलिनाइटकडे झुकते. खाडीत दोन्हीकडचे सूक्ष्म कण येऊन पडतात. नदीच्या गोड्या पाण्यात एकमेकांना दूर ढकलत तरंगणारे कण खाऱ्या पाण्यात आले की त्यांच्याभोवतालचे ढग आक्रसतात, कण चिकटून गठ्ठे होतात आणि तळाला बसतात. गठ्ठ्यांच्या पोकळ्यांत अडकलेले खारे पाणी हेच गाळातले बहुतेक पाणी. ते पृष्ठभागाला चिकटलेले नसते, पण पोकळ्या इतक्या बारीक असतात की ते अत्यंत सावकाश बाहेर पडते. खाडीकाठच्या भरावाखाली उभ्या निचरापट्ट्या ठोकतात त्या या पाण्याची वाट आखूड करण्यासाठी.

यावरून नमुना हाताळण्याचे दोन नियम निघतात. पहिला नियम असा की गाळाची द्रव मर्यादा, म्हणजे ज्या ओलाव्याला माती द्रवासारखी वाहू लागते तो आकडा, जिला प्रयोगशाळेत सगळे लिक्विड लिमिटच म्हणतात, काढताना नमुना आधी ओव्हनमध्ये वाळवू नये. नोकरीच्या पहिल्या वर्षी घाईचे काम म्हणून मी एक गाळ रात्रभर ओव्हनमध्ये ठेवला, सकाळी कुटून कालवला आणि चाचणी केली. त्याच खड्ड्यातल्या दुसऱ्या नमुन्याचा आकडा माझ्यापेक्षा बराच जास्त होता, आणि दोन दिवस आम्ही उपकरण तपासत बसलो. दोष उपकरणाचा नव्हता. वाळताना कण असे घट्ट चिकटतात की पाणी परत घातले तरी सगळे पृष्ठभाग पुन्हा मोकळे होत नाहीत, आणि सेंद्रिय द्रव्य असलेल्या गाळात हा फरक फार मोठा पडतो. तेव्हापासून मी गाळ ओलाच चाळतो आणि अहवालात नमुना कोणत्या स्थितीत तपासला ते लिहितो. कालवायला कोणते पाणी वापरले तेही लिहावे, कारण डिस्टिल्ड पाणी घातले की गाळातला खारेपणा उतरतो आणि मिठाच्या नळीतला फरक येथेही लागू होतो.

दुसरा नियम मिठाच्या वजनाचा. ओव्हनमध्ये पाणी उडून जाते, पण त्यातले मीठ मातीत राहते आणि आपण त्याला माती समजून मोजतो. समजा गाळात १०० ग्रॅम मातीमागे ८० ग्रॅम शुद्ध पाणी आहे आणि त्याचा खारेपणा समुद्राएवढा, म्हणजे एक किलो खाऱ्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असा आहे. तर ८० ग्रॅम पाण्यासोबत सुमारे २.९ ग्रॅम क्षार असतील. कोरडे वजन १०२.९ ग्रॅम भरेल आणि ओलावा ८० ऐवजी ७७.७ टक्के निघेल. खाडीचा खारेपणा भरती-ओहोटीने आणि पावसाळ्याने बदलतो, म्हणून नमुना पिळून निघालेल्या थेंबभर पाण्याचा खारेपणा मोजून मगच ही दुरुस्ती करावी.

ओव्हनचे तापमानही मनाने वाढवू नये. ११० अंशांपर्यंत पोकळ्यांतले आणि फटींतले बहुतेक पाणी जाते. त्यापुढे ४०० अंशांच्या वर स्फटिकातील हायड्रॉक्सिलच पाण्याच्या रूपाने निघून जाऊ लागतात. ते पाणी पृष्ठभागावरचे नव्हे, ती इमारतीचीच वीट आहे. म्हणूनच भट्टीतून निघालेले मडके पाण्यात कितीही दिवस ठेवले तरी त्याची पुन्हा चिकणमाती होत नाही.

नळ्या धुताना

बेंटोनाईटची जेली मोरीत ओतू नये. ती पाइपच्या वळणात बसते आणि नळाच्या गोड्या पाण्याने आणखी फुगते. तिच्यात मूठभर मीठ घालून रात्रभर ठेवावे. सकाळी साका खाली बसलेला आणि वर स्वच्छ पाणी आलेले दिसेल. ते पाणी ओतून द्यावे आणि साका जुन्या ताटात पसरून गच्चीत उन्हाला ठेवावा. दोन दिवसांत त्याला भेगा पडून कडा वर वळलेल्या पातळ खपल्या होतात, आणि त्यांवर मिठाचे पांढरे कण चमकतात. रॉकेलची नळी वेगळ्या बाटलीत निथळून घ्यावी आणि ते रॉकेल पुढच्या चाचणीसाठी ठेवावे. मोजनळ्यांना आतून चिकटलेला पातळ थर ब्रशने निघत नसेल तर मिठाच्या पाण्याने विसळावे, मग साध्या पाण्याने आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुऊन नळ्या उलट्या वाळवाव्यात.